वैधव्य आणि विसावा : पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक

जैन घरातल्या एका होमिओपॅथी डॉक्टरणीने दोन ख्रिस्ती स्त्रियांच्या इतिहासावर लिहावे, याचे वाचकहो, तुम्हाला थोडे नवल वाटेल. म्हणून आधी कारण सांगते.

पस्तीसहून अधिक वर्षे मी बेळगावात दवाखाना चालवते. आमच्या पद्धतीत रोग्याची हकिकत सावकाश ऐकावी लागते. झोप लागत नाही, छातीत जळजळते, अन्नावरची वासना गेली आहे, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कितीतरी बायकांची हकिकत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एकाच ठिकाणी येऊन थांबते : यजमान गेले. दुःख तर असतेच. पण त्या सांगतात ते पुष्कळदा वेगळेच असते. लग्नाला बोलावतात, पण ओटी भरायच्या वेळी कोणी हळूच म्हणते, ‘तुम्ही जरा पलीकडे बसा.’ सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हा मला उमगले की इतकी वर्षे ऐकलेले मला निम्मेच कळले होते.

त्या काळात दुपारी दवाखाना बंद असताना मी दोन पुस्तके पुन्हा वाचली. एक लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि दुसरे पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेले आपल्या श्रद्धेचे निवेदन. दोघी महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांत जन्मलेल्या, दोघी पुढे ख्रिस्ती झालेल्या, दोघींनी वैधव्य भोगलेले. त्यांच्याविषयी आपल्याकडे दोन ठरावीक गोष्टी सांगितल्या जातात. एक पक्ष म्हणतो, दुःखाने त्यांना ख्रिस्ताकडे नेले आणि तिथे त्यांना शांती मिळाली. दुसरा म्हणतो, निराधार बाई मिशनऱ्यांच्या हाती सापडली. मी ना ब्राह्मण, ना ख्रिस्ती. या भांडणात माझा वाटा नाही. म्हणून सनावळी समोर ठेवून पाहिले. दोन्ही गोष्टी त्या सनावळीत बसत नाहीत.

रमाबाईंपासून सुरुवात करू. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कारकळजवळच्या गंगामूळच्या रानातला, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे हिंडले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ असे गौरवले. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी भावाचे बंगाली मित्र, वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. आसामातल्या सिल्चर येथे संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबू गेले. रमाबाई चोविसाव्या वर्षात होत्या आणि मुलगी वर्षाचीही नव्हती.

आता एक गोष्ट नीट पाहा. लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती आली ती सिल्चरला, नवऱ्याच्याच पुस्तकांत, नवरा जिवंत असताना. तिथल्या एका मिशनऱ्याकडून त्या ख्रिस्ती मताविषयी ऐकू लागल्या होत्या आणि नवऱ्याला ते आवडले नव्हते. म्हणजे ओढ वैधव्याआधीची आहे. तिच्याही आधीचा आहे तो प्रश्न. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना त्यांना दिसले होते की ग्रंथाग्रंथांत शंभर मतभेद असले तरी एका बाबतीत बहुतेक सर्वांचे एकमत आहे : स्त्रीला, मग ती वरच्या जातीची का असेना, स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही. तिची वाट नवऱ्याच्या सेवेतून जाते. मग ज्या बाईचा नवराच उरला नाही, तिचे काय? फेब्रुवारी १८८२ नंतर हा प्रश्न पोथीतला राहिला नाही, त्यांचा स्वतःचा झाला.

तरीही त्या लगेच कोणाच्या आश्रयाला गेल्या नाहीत. त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. त्या साक्षीत त्यांनी स्त्री शिक्षिकांबरोबर स्त्री डॉक्टरांचीही गरज मांडली. पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे सांगण्याच्या लाजेने बायका जीव गमावतात, हे त्यांनी पाहिले होते. त्यांना स्वतःलाच वैद्यकीय शिकायचे होते आणि त्यासाठी त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. माझ्यासारखीला ही ओळ वाचून थांबावेच लागते.

वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या भगिनींकडे त्या राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्याच काळात त्यांच्यासोबत इंग्लंडला गेलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांनी तिथेच आपले जीवन संपवले. हा प्रसंग धर्मांतराच्या गोड कथांमधून गाळला जातो. तो गाळू नये. परदेश, परधर्म आणि एकटेपण या तिन्हींचा भार दोन मराठी बायकांवर एकाच वेळी पडला होता. एकीला तो पेलला नाही.

रमाबाईंचे मन कशाने वळले? त्यांनी स्वतः जे सांगितले त्यात परलोकाची आशा पुढे नाही, चमत्कार तर नाहीतच. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनींनी, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी घर चालवले होते. तिथे भगिनी त्यांची मायेने सेवा करताना त्यांनी पाहिल्या. अशा बायकांसाठी आपल्याकडे शिक्षा होती, दार बंद होते. इथे कोणी त्यांना जवळ का करते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानकृत शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाण्याला आलेली, लोकांनी टाकलेली बाई, आणि तिच्याशीच धर्माचे सर्वांत गहन बोलणारा येशू. रमाबाईंच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळाले. नवरा मध्ये नसताना स्त्रीशी देव थेट बोलतो, हे ते उत्तर.

पण उत्तर मिळणे म्हणजे विसावा मिळणे नव्हे. बाप्तिस्म्यानंतरची त्यांची पत्रे वाचली तर शांत मनाची बाई दिसत नाही, वाद घालणारी दिसते. येशूच्या देवत्वावर शंका, चर्चच्या आज्ञांवर शंका. भटभिक्षुकांची सत्ता झुगारून आलेल्या रमाबाईंना इंग्लंडातल्या धर्मगुरूंची सत्ताही मानवणारी नव्हती. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. शाकाहार तर त्यांनी सोडलाच नाही. अंडे घातलेले पक्वान्नही खायला त्या तयार नव्हत्या आणि त्यात जातीचा अभिमान आहे असे त्यांना सुनावले गेले. धर्म बदलला म्हणजे आईच्या हातचे ताट विसरावे लागते, हे त्यांना मान्य नव्हते. आम्हा जैनांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही.

त्या अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांना १८८६ साली डॉक्टरची पदवी मिळाली त्या समारंभासाठी. तिथे त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिले, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. बालविधवा असलेल्या या बाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन नंतर पुण्याला गेले. आणि रमाबाईंना मनाची खरी स्वस्थता लाभली ती, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, १८९१ च्या सुमारास. आतापर्यंत आपण एक धर्म स्वीकारला होता, पण ज्याच्यासाठी तो धर्म आहे त्याच्याशी आपली भेट झाली नव्हती, अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली आहे. नवरा गेल्यापासून नऊ वर्षे, बाप्तिस्म्यापासून आठ. ‘दुःख झाले आणि श्रद्धेने पुसले’ असे म्हणणाऱ्यांनी ही नऊ वर्षे मोजावीत. दिवस उलटून गेले तरी मन जागेवर येत नाही म्हणून घाबरून येणाऱ्या बायकांना मी ती मोजून दाखवते.

इतिहास लिहायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायची असे ठरले होते. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे केडगावचे मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी उपाशी मुली-बायका आणल्या आणि एका काळी तिथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. उपाशी माणसाने स्वीकारलेल्या धर्माला ‘निवड’ म्हणावे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो खोडसाळ नाही. पण त्याच्याबरोबर दुसरा प्रश्नही विचारावा लागतो. त्या मुलींना आणायला त्या वेळी दुसरे किती जण गेले होते? केडगावला शेती होती, विणकाम होते, तेलघाणी होती, छापखाना होता, आंध स्त्रियांना वाचायला शिकवले जात होते. विधवा ही उरलेले आयुष्य ढकलणारी बाई नसून हातात कौशल्य असलेली बाई आहे, हे तिथे रोज दिसत होते.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. त्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. रमाबाईंना आधी वैधव्य आले आणि नंतर श्रद्धा. लक्ष्मीबाईंना श्रद्धा आधी आणि वैधव्य नंतर. शिवाय त्यांच्या आयुष्यात वैधव्यासारखे काहीतरी दोनदा आले.

लक्ष्मीबाई १८६८ च्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलगी. वडिलांचे सोवळे इतके कडक की त्याची झळ साऱ्या घराला बसे. लहानपणीच लग्न झाले ते कवी नारायण वामन टिळक यांच्याशी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत, पण समाजाच्या हिशेबी मेलेला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. कुंकू होते, मंगळसूत्र होते, संसार नव्हता. पुढे त्या नगरला नवऱ्याजवळ आल्या, तरी चूल वेगळी ठेवली. कोणाच्या उपदेशाने त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातीची उतरंड माणसाने रचली आहे, देवाने नाही, हे त्यांच्या मनाला पटत गेले आणि एकदा पटल्यावर शिवाशिव गळून पडली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या धर्मांतराला तेव्हा पाच वर्षे झाली होती. या पाच वर्षांतला एकही दिवस त्यांनी पुस्तकात गोड करून सांगितलेला नाही. आपल्या रडण्यावरही त्या हसतात.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, लिहिणे-वाचणे नवऱ्याने शिकवलेले. हाती काय होते? टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते, ते ‘ख्रिस्तायन’. त्याचे दहा-अकरा अध्याय होऊन काम थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचले. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचे अपुरे काम पुरे करायला बसणे आणि त्यातून त्याच्याहून कितीतरी जास्त लिहून जाणे, ही शोकाची मराठी साहित्यातली विलक्षण हकिकत आहे. पुढे चिरंजीव देवदत्त यांच्या आग्रहावरून आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. संयुक्ताक्षरे नीट न लिहिता येणाऱ्या या विधवा बाईचे पुस्तक आज मराठीतले पहिल्या प्रतीचे आत्मचरित्र मानले जाते.

आता दोघींना शेजारी ठेवून पाहू. श्रद्धेने त्यांना वैधव्यात नेमके काय दिले? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, मान. विधवा अपशकुनी नाही, तिचे देवाशी नाते नवऱ्यामार्फत नाही. हे रमाबाईंना विहिरीवरच्या स्त्रीच्या कथेत सापडले. दुसरी, बोलायला कोणीतरी. इथे मला माझ्या धर्माचे बोलले पाहिजे. आमच्या बारा भावनांत एक अशरण भावना आहे : मरणापासून वाचवायला आई, बाप, पती, पुत्र, कोणीच समर्थ नाही हे ओळखणे. अरिहंत, सिद्ध, साधू आणि धर्म ही चार शरणे आम्ही म्हणतो, पण ती वाट दाखवणारी आहेत. रात्री दोन वाजता जाग आल्यावर परत बोलणारी नाहीत. यजमान गेल्यानंतर अशरण भावनेने मला सत्य सांगितले आणि त्या सत्याने मला उभे केले. मी ती सोडणार नाही. तरी या दोघींना ‘कोणीतरी ऐकतो आहे’ या विश्वासाने काय मिळाले असेल, ते मला त्या रात्रींमुळेच कळले. दोन औषधे वेगळी आहेत म्हणून एक खोटे ठरत नाही.

तिसरी गोष्ट, काम. रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटापर्यंत हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम केले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मनोरमाने गुलबर्ग्याला मुलींची शाळा चालवली. हैदराबाद आणि कलबुर्गीकडच्या वाचकांनी ही आठवण जपावी. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या जन्मानंतर वर्षाच्या आत बाप गेला, ती एकुलती एक मुलगीही त्यांच्या आधी गेली. तरी भाषांतर थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. विसावा म्हणजे दुःख संपणे असा अर्थ घेतला, तर रमाबाईंना तो कधीच मिळाला नाही. दुःखासकट उभे राहता येणे असा घेतला, तर तो पुरेपूर मिळाला.

या तीन गोष्टी एका धर्माच्या मालकीच्या नाहीत. आनंदीबाई कर्वे हिंदूच राहिल्या आणि त्यांचा १८९३ चा पुनर्विवाह गाजला. रमाबाई रानडे १९०१ साली विधवा झाल्या, हिंदूच राहिल्या आणि पुण्याच्या सेवासदनात त्यांनी हजारो बायकांना हाताला काम दिले. आमच्यात शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. घर एक असो वा दुसरे, या बायकांना मान, सोबत आणि काम मिळाले. शारदा सदनावरून पुण्यात जे रण माजले त्यात ‘मुली बाटतात’ ही हाक मोठी होती. त्या मुली तिथपर्यंत का आल्या, हा प्रश्न विचारणारा आवाज लहान होता. ज्या घराने विधवेला मान, सोबत आणि काम दिले, त्या घराला तिच्या धर्माची काळजी करावी लागली नसती.

हे सगळे शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून बाजूला ठेवू नका. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की पतीच्या मृत्यूनंतर बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. हेरवाड आमच्या बेळगावपासून फार लांब नाही. असा ठराव करावा लागला, याचाच अर्थ तोपर्यंत ते चालू होते.

आपण मराठी माणसे इंदूरला, ग्वाल्हेरला, बडोद्याला, गोव्यात, बेळगावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. गाव सुटले, पण सण आणि रीती आपण जपून आणल्या. संक्रांतीचे हळदीकुंकूही आणले. या वर्षी तुमच्या घरी ते असेल तेव्हा शेजारच्या विधवा काकूंना, घरातल्या वन्संना, आईलाही बोलवा. निरोप पाठवून नव्हे, स्वतः जाऊन. आणि वाण सर्वांच्या ओळीत बसवून द्या. त्या कदाचित पहिल्या वर्षी येणार नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा जा. रमाबाईंना नऊ वर्षे लागली होती.